निकाल : राखीव



पाच महिने मी पास नव्हतो आणि नापासही नव्हतो. मी राखीव होतो. बी. ए.च्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला तेव्हा माझ्या नंबरापुढे तसंच छापून आलं होतं : निकाल राखीव. खिडकीतल्या बाबूला विचारलं, साहेब, राखीव म्हणजे काय? त्यानं माझा अर्ज वाचला, आडनाव वाचलं आणि म्हणाला, "आता तुम्हाला राखीवचा अर्थ मी सांगायचा का?" मागच्या टेबलावरचे दोघं हसले. मी अर्ज उचलला आणि मुकाट्यानं बाहेर आलो. मुकाट्यानं आलो याची लाज अजून गेली नाही, म्हणून हे लिहून राह्यलो.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ते वऱ्हाडातलं नाही, दूरचं आहे. लहान आहे, सरकारी आहे. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तिथलंच हापिस वाईट, आमचं बरं आहे. आधी आपापल्या खिडकीवर जाऊन पाहा.

मी बाळापूरचा. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये किल्ला आहे, त्या गावचा. माय लोकाच्या वावरात निंदते, कापूस वेचते. अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं, जनरलच्या डब्यात उभ्यानं, मी त्या खिडकीवर पाच खेपा घातल्या. एका खेपेत मायची चार दिवसांची मजुरी जायची.

पहिली खेप : "तुमच्या कॉलेजनं अंतर्गत गुण पाठवले नाहीत." कॉलेजात गेलो तर, "आम्ही कवाच पाठवले, आवक नंबर आणा." दुसरी खेप : आवक-जावकवाल्या बाई रजेवर. तिसरी खेप : नंबर सापडला, यादी सापडत नाही. चौथी खेप : "साहेब मीटिंगला गेले, उद्या या." उद्या! रात्र स्टेशनवर काढली. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. पाचवी खेप : यादी सापडली, गुणही आहेत, पण शिकवणाऱ्या सरांची सही नाही.

सरांची सही का नव्हती ते ऐका. सर तासिका तत्त्वावर होते. जागा वर्षानुवर्षं रिकामी. तिच्यावर दर वर्षी तासाच्या हिशोबानं माणूस आणायचा आणि तास संपले की घालवायचा. आमचे सर नेट पास, पीएच. डी. झालेले, आपल्याच वस्तीतून वर आलेले. जीव तोडून शिकवायचे. त्यांचे तास मार्चात संपले, गुणांची यादी एप्रिलात टाईप झाली. यादीवर सही करायला माणूस नव्हता, कारण कागदावर तो माणूसच नव्हता. मी त्यांना शोधत गेलो. ते नातेवाइकाच्या दुकानात वह्या विकत होते. मला पाहून त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "बाबू, माझंच मानधन सहा महिने आलं नाही. पण चल, सही करतो." दुकान सोडून ते माझ्याबरोबर आले. तर हापिसात उत्तर मिळालं, आता तुमची सही चालणार नाही, तुम्ही सेवेत नाही.

वीस मार्कांसाठी हे सगळं. पाच महिन्यांनी एक दिवस निकाल आपोआप लागला. पास. का थांबला होता, कुणी थांबवला, कसा सुटला, कोणी सांगितलं नाही. तोवर एम. ए.च्या प्रवेशाची तारीख गेली. प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. वर्ष गेलं. आणि त्या पाच महिन्यांत माय दर खेपेला विचारायची, "पास हायस ना रे तू? मले खरं सांग, मी रागावत नाही." तिला वाटायचं मी नापास झालो आणि लपवून राह्यलो. विद्यापीठानं माझा निकाल राखून ठेवला आणि मायच्या डोळ्यात मला खोटा पाडलं. याची नुकसानभरपाई कोणत्या खिडकीवर मिळते?

तुम्ही म्हणाल, हा ढिसाळपणा आहे, यात जात कुठं आली? सवर्णांच्या पोरांचेही निकाल राहतात. राहतात ना. पण त्याचा मामा त्याच हापिसात असतो, नाहीतर मामाचा दोस्त असतो. एका फोनवर कागद हलतो. आपला मामा सोयाबीन सोंगायला गेलेला असतो. ढिसाळपणा सगळ्यांसाठी सारखा दिसतो, पण तो झेलायची ऐपत सारखी नसते. आणि आमचं वर्ष गेलं की पोरगं परत येत नाही. ते पुण्याला सिक्युरिटीत लागतं, नाहीतर वीटभट्टीवर जातं. रजिस्टरात लिहितात, विद्यार्थ्याने शिक्षण सोडले. सोडलं म्हणे!

२०१७ साल आठवा. मुंबई विद्यापीठानं पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायला काढले आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. वर्तमानपत्रं पेटली, विधिमंडळात आवाज झाला, त्या ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. ठीक झालं. लाखो पोरं अडकली तर कुलगुरू जातो. पण एकेक पोरगं वेगवेगळं अडकलं तर शिपाईही खुर्चीतून उठत नाही. आपल्याला नेहमी एकेकटं अडकवलं जातं.

आणि उशीर म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशोब होता : एक लाख पंचाहत्तर हजार. मरतानाही पोराला आपली थकबाकी लिहून ठेवावी लागली.

आता आपल्याबद्दल बोलतो. राग आला तरी वाचा.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत घरं जळाली, पोचीराम कांबळेंचा जीव घेतला, गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. ते रक्त कमानीवरच्या अक्षरांसाठीच सांडलं होतं का? कमानीच्या आतल्या खिडकीवर आपलं पोरगं ताठ मानेनं उभं राहावं, यासाठीही सांडलं होतं. १९२७ ला मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सिनेटवर मागासवर्गाला जागा मागितली होती. नुसता प्रवेश त्यांना पुरला नव्हता. कारभार कुणाच्या हातात आहे, तेही ते पाहत होते. आपण पुढे काय केलं? आपले काही लोक सिनेटवर गेले. त्यांचे सत्कार केले, फ्लेक्स लावले. राखीव निकालांची यादी हातात घेऊन सभेत उभा राहिलेला एकही मी पाहिला नाही. एप्रिलात डीजेला जे पैसे जातात, त्यात किती पोरांच्या खेपा निघतील याचा हिशोब करा.

१ मे १९८३ ला अमरावतीला विद्यापीठ झालं. त्याआधी वऱ्हाडातल्या कॉलेजांची दोरी नागपूरला होती. आता बाळापूरचं पोरगं सकाळच्या यष्टीनं जाऊन रात्री घरी येऊ शकतं. मग संघटना म्हणून आपण तिथं काय विचारायला गेलो?

कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६, कलम ८९ : परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा, फार तर ४५ दिवसांत लावायचाच. नाही जमलं तर कुलगुरूनं कुलपतीला कारण कळवायचं. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ ला माहितीच्या अधिकारात दिला आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. मी पाच खेपांत पाचही वेळा तोंडी विचारलं. तोंडी विचारणाऱ्याला तोंडीच हाकलतात. एकदाही अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली नाही. तो माझा गाढवपणा. तुम्ही करू नका.

म्हणून सांगतो. दर निकालानंतर वस्तीवस्तीत फिरून राखीव निकालांची यादी करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पंचेचाळीस दिवस मोजा. सेहेचाळिसाव्या दिवशी एकट्यानं जाऊ नका, यादीतले सगळे मिळून जा. आणि बाबूच्या अंगावर धावून जाऊन समाधान मानू नका. रिकाम्या जागा का भरत नाहीत हे वरच्या मजल्यावर विचारा. तासिकेवरच्या सरांना मोर्चात घ्या, त्यांचं थकलेलं मानधन आणि आपला थकलेला निकाल एकाच फायलीत अडकला आहे.

बाळापुरात सुरुवात मी करतो. ज्याचा निकाल, गुणपत्रिका किंवा शिष्यवृत्ती अडकली असेल त्यानं येत्या रविवारी सकाळी कागद घेऊन वस्तीतल्या विहारात यावं. अर्ज मी लिहून देतो. हात आता बसला आहे.

राखीवचा अर्थ विचारायला मी पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहे. या वेळी लेखी विचारीन, आणि पोच घेतल्याशिवाय हटणार नाही.

जयभीम.