पत्र गेलंच नाही!

दोस्तांनो, पीएचपीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे कोडं कधीतरी पडतंच. दूरच्या सर्व्हरवर नवं फंक्शन आलेलं असतं, पण आपला प्रोग्रॅम म्हणतो, 'असं फंक्शनच नाही!' मग आपण सर्व्हरच्या नावानं बोटं मोडतो. थांबा! आधी पुरावा पाहू.

सोप (अंगाला लावायचा नव्हे!) म्हणजे दोन प्रोग्रॅममधला एक्सएमएलचा पत्रव्यवहार. सर्व्हरला काय काय विचारता येतं, याची यादी डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये असते. सोपक्लायंट तयार करताना 'ट्रेस' चालू ठेवा. चूक आली की 'कॅच'मध्ये 'गेट लास्ट रिक्वेस्ट'कडून शेवटचं पत्र मागा. काय, काहीच नाही? म्हणजे पत्र घराबाहेर पडलंच नाही! बिचाऱ्या सर्व्हरला यातलं काहीच ठाऊक नाही.

मग चोर कोण? पीएचपी ती यादी एकदा आणून जपून ठेवतं. मुळातलं सेटिंग ८६,४०० सेकंदांचं, म्हणजे अख्खा एक दिवस! जुनी यादी वाचूनच नकार मिळाला. तपासापुरता हा साठा बंद करा. नवी यादी येईल, गाडी सुरू! मग साठा पुन्हा चालू करा, नाहीतर दर वेळी यादी आणण्यातच वेळ जाईल.

आणि पत्र गेलेलं दिसलं तर? ते आणि त्याचं उत्तर, दोन्ही शब्दन् शब्द वाचा. आधी पत्र पाहायचं, मग दोष द्यायचा. काय, पटलं ना?