पोटात कळा येणाऱ्या गरोदर बाईला न तपासता परत पाठवू नये

प्रति,
माननीय आरोग्य अधिकारी,
आरोग्य केंद्र

विषय : गरोदरपणातील पोटदुखीची तपासणी दिवसरात्र व्हावी आणि तिची लेखी नोंद मिळावी, याबाबत.

संदर्भ : चवथीआधी दिलेले आमचे निवेदन, त्यानंतरचे स्मरणपत्र व ग्रामसभेतील चर्चा.

महोदय,

पाळी-कोठंबी पंचायत क्षेत्रातील आम्ही महिला हाच विषय घेऊन पुन्हा आपल्याकडे येत आहोत. चवथीआधी दिलेल्या निवेदनाची पोच आमच्याकडे आहे, उत्तर मात्र आलेले नाही. स्मरणपत्र देताना आपण स्वतः सांगितले होते की दिवाळीनंतर रात्रीची व्यवस्था लावतो. दिवाळी गेली, शिमगाही झाला. ग्रामसभेत आपल्या प्रतिनिधींनी हेच आश्वासन दिले आणि ते इतिवृत्तात लिहिलेले आहे. मधल्या काळात जे घडले ते सविस्तर लिहिणे आम्हाला भाग आहे.

आमच्या वाड्यावरील एका सुनेला एकतिसाव्या आठवड्यात दुपारपासून कंबर भरून येऊ लागली. ओटीपोट मासिक पाळीत दुखते तसे दुखत होते, पोट घट्ट होई आणि सुटे. आधी सर्वांना वाटले, उन्हातून आली आहे, पडून राहिली की थांबेल. तिला कुशीवर झोपवले, पाणी पाजले. कळा थांबल्या नाहीत. सासूने पोटावर हात ठेवून घड्याळ पाहिले, तर दर दहा मिनिटांनी पोट दगडासारखे होत होते. संध्याकाळी तिला केंद्रावर आणले तेव्हा डॉक्टर नव्हते. परिचारिकेने दारातच दोन प्रश्न विचारले : पाणी गेले का, रक्त दिसते का? दोन्हींना नाही म्हटल्यावर गॅसची गोळी हातात पडली आणि सकाळी ओपीडीला यायला सांगण्यात आले. पोटावर कुणी हात ठेवला नाही, रक्तदाब घेतला नाही, बाळाचे ठोके ऐकले नाहीत. माता-बाल कार्ड पिशवीतून बाहेरसुद्धा निघाले नाही.

पहाटे पाणी फुटले. 108 रुग्णवाहिका बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ) पोचली आणि लगेच बाळ जन्मले. ते वाचले, याबद्दल आम्ही गोमेकॉच्या डॉक्टरांचे ऋणी आहोत. पण श्वासासाठी त्याला बरेच दिवस यंत्रावर काढावे लागले, आणि ओली बाळंतीण काचेबाहेर उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

महोदय, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला देण्याचे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन काही महाग नाही. त्याचे डोस बारा-बारा तासांनी असतात आणि पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. मोठ्या इस्पितळात पाठवण्याआधी पहिला डोस परिचारिकेलाही देता येतो, हे 2014 पासून ठरलेले आहे. ते आपणास सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी कळा ओळखल्या असत्या तर तो डोस तेव्हाच मिळाला असता आणि बाई रात्रीच बांबोळीला पोचली असती. बाळंतपण टळले असते असे आमचे म्हणणे नाही, पण ती पूर्ण रात्र वाया गेली. त्या परिचारिकेविरुद्ध आमची तक्रार नाही. एकटीने सगळे सांभाळायचे, वर डॉक्टरांना फोन केला तर बोलणी खायची, अशा स्थितीत कुणीही माणूस परत पाठवण्याचाच मार्ग धरेल. तक्रार व्यवस्थेविरुद्ध आहे.

आम्ही उगाच धावत येतो, हे वाक्य आपल्या केंद्रात वारंवार ऐकावे लागते. ते खरे नाही. कूस बदलताना जांघेत चमक येते, उठून चालले की ओटीपोट ओढते, दिवसभर काम केल्यावर पोट घट्ट होते आणि विसावा घेतला की सुटते. हे सर्व बायका घरीच सोसतात. छातीखाली जळजळले तर सोलांचे पाणी घेतात. केंद्राची पायरी चढतात ती त्यापुढचे काही दिसले तरच. पहिल्या महिन्यांत एकाच बाजूला जीवघेणे दुखणे, सोबत भोवळ किंवा खांद्यात कळ. कधीही अंगावरून रक्त जाणे. सदतीस आठवड्यांआधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा. पोट सतत कडक राहणे, मग रक्त दिसो वा न दिसो. बाळाची हालचाल मंदावणे. लघवीला जळजळ आणि ताप. उजव्या बरगडीखाली दुखून डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे येतात तेव्हा त्याला पित्त म्हणून घरी पाठवणे किती धोक्याचे, हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. यातले कोणते दुखणे साधे आणि कोणते घातक, हे दारात उभ्या बाईकडे पाहून कळत नाही. हात लावावा लागतो.

2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्यापासून आमच्या कित्येक घरांतील पुरुष कामासाठी बाहेर असतात. रात्री घरात सासू आणि गरोदर सून दोघीच. त्या वेळी बस नसते आणि भाड्याची गाडी सांगेल त्या दराला घ्यावी लागते. एकदा परत पाठवलेली बाई दुसऱ्यांदा निघताना शंभरदा विचार करते. उशीर होतो तो तिथेच.

म्हणून मुख्य मागणी एकच. पोटदुखी सांगणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला, वेळ कोणतीही असो, आत घेऊन रक्तदाब, नाडी, ताप, बाळाचे ठोके आणि कळांमधील अंतर पाहावे. लघवी तपासावी आणि डॉक्टरांशी फोनवर बोलल्याशिवाय तिला घरी पाठवू नये. काय आढळले ते तिच्या कार्डावर वेळेसह लिहून सही करावी. पुढे पाठवायचे असल्यास 108 केंद्रानेच बोलवावी आणि मोठ्या इस्पितळाला आधी कळवावे. डॉक्टरांना रात्री फोन करणाऱ्या परिचारिकेला कुणी बोलणार नाही, असा लेखी आदेशही काढावा.

याखेरीज सोनोग्राफीचा वार ठरवावा. धोक्याची लक्षणे मराठी व कोकणीत, आणि परप्रांतीय कामगारांच्या बायकांसाठी हिंदी व कन्नडमध्येही, दारावर लावावीत. फाटकाजवळचा दिवा दुरुस्त करावा. त्याचेही आश्वासन मागे मिळाले होते.

या वेळी तोंडी उत्तर आम्ही स्वीकारणार नाही, याबद्दल क्षमस्व. वरील आदेश कोणत्या तारखेपासून लागू होईल ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. ते पत्र पुढील ग्रामसभेत वाचले जाईल. पत्र न आल्यास तेही इतिवृत्तात नोंदवून त्याच्या प्रती आपल्या वरिष्ठांकडे आणि आमच्या आमदारांकडे पाठवू.

कळावे,

आपल्या विनम्र,
पाळी-कोठंबी पंचायत क्षेत्रातील महिला
(सह्यांची यादी आणि आधीच्या निवेदनाच्या पोचेची प्रत सोबत जोडली आहे.)