उत्तराचा खर्च विचारणाऱ्याचा, पण तो भरायचा कसा?

मराठी नियतकालिकांत वर्षानुवर्षे एक सूचना छापली जात असे: साहित्य परत हवे असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे. टपालखात्याचे जोडकार्डही याच रीतीचे. एका भागावर आपण लिहायचे, दुसरा भाग उत्तरासाठी कोरा ठेवायचा आणि दोन्हींचे पैसे आधीच भरायचे. ज्याला उत्तर हवे त्याने उत्तराचा खर्च सोसावा, ज्याच्याकडून माहितीची अपेक्षा आहे त्याच्या खिशाला तोशीस लागू नये, हे यामागचे साधे आणि न्याय्य तत्त्व. देशाची सीमा ओलांडली की मात्र ते पाळणे अवघड होते, कारण टपाल तिकीट ज्या देशाचे त्याच देशात चालते. मुंबईहून लंडनला धाडलेल्या पत्रात भारतीय तिकीट लावलेले परतीचे पाकीट घातले, तर लंडनच्या पोस्टात त्या तिकिटाला काहीही किंमत नाही. या अडचणीवर जगातल्या टपालखात्यांनी मिळून शोधलेला उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. आज तो दुर्लक्षामुळे नाहीसा होत चालला आहे आणि तसे होऊ देणे ही चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा उपाय म्हणजे इंटरनॅशनल रिप्लाय कूपन. 1874 साली बर्न येथे झालेल्या करारातून जागतिक टपाल संघटना उभी राहिली आणि 1876 मध्ये भारत तिच्यात सामील झाला. 1906 च्या रोम अधिवेशनात या संघटनेने उत्तरासाठीच्या कूपनाला मान्यता दिली व 1 ऑक्टोबर 1907 पासून ते चलनात आले. आपल्या पोस्टात कूपन विकत घ्यायचे, पत्रात घालायचे आणि पत्र मिळालेल्याने ते त्याच्या पोस्टात देऊन परदेशी साध्या हवाई पत्राला लागतील तेवढी तिकिटे घ्यायची, एवढीच त्याची पद्धत. देशादेशांतला हिशेब संघटनेमार्फत मिटतो. या योजनेचे खरे मोल असे की विचारणाऱ्याला समोरच्या देशाचे दरपत्रक धुंडाळावे लागत नाही. अमेरिकेतून परदेशी पाठवायच्या साध्या पत्राचा दर जुलै 2024 मध्ये 1.65 डॉलर होता, जुलै 2025 मध्ये तो 1.70 डॉलर झाला. असे बदल शंभर-दीडशे देशांत सतत होत असतात. सामान्य माणसाने त्यांचा माग ठेवावा कसा? कूपन हा माग ठेवण्याचे काम टपालखात्यांवर सोपवते, आणि ते त्यांचेच काम आहे.

असे असूनही ब्रिटनच्या रॉयल मेलने 2011 च्या अखेरीस कूपनांची विक्री थांबवली आणि अमेरिकेच्या टपालखात्याने 27 जानेवारी 2013 रोजी. त्यांना तसे करता आले, कारण संघटनेच्या नियमात एक विसंगती आहे. आलेले कूपन बदलून देणे प्रत्येक सदस्य देशाला बंधनकारक, पण कूपन विकणे ऐच्छिक. म्हणजे जो देश विक्री बंद करतो, तो परक्यांची सोय चालू ठेवतो आणि आपल्याच नागरिकांची काढून घेतो. शिवाय एकेक देश विक्रीतून बाहेर पडला की पोस्टातल्या कर्मचाऱ्यांच्या नजरेस कूपन पडेनासे होते, खिडकीवर ते ओळखले जात नाही आणि बदलून देण्याचा नियमही कागदावरच उरतो. कूपनांना मागणी नाही, असे नंतर सांगितले जाते. पण जी वस्तू खिडकीवर मिळत नाही, तिची मागणी मोजायची कुठे?

ईमेलच्या काळात हे सारे हवेच कशाला, हा पहिला आक्षेप. नुसती माहिती हवी असेल तर ईमेल पुरतो, हे मान्य. पण काही उत्तरे कागदावरच यावी लागतात. हॅम रेडिओवर दूरदेशीच्या केंद्राशी संपर्क झाला की त्याचा पुरावा म्हणून क्यूएसएल कार्ड मागवतात आणि परतीच्या खर्चासाठी हौशी मंडळींनी ही कूपने दशकानुदशके वापरली आहेत. पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीय घराण्याला गोव्यातल्या चर्चच्या नोंदवहीतला बाप्तिस्म्याचा उतारा हवा असेल, किंवा कोकणातून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजाला मूळ गावातून शिक्क्याचा दाखला हवा असेल, तर तिथे सही-शिक्क्याचा कागदच लागतो. दुसरा आक्षेप असा की पैसे ऑनलाइन पाठवता येतात. येतात, पण शे-दोनशे रुपयांसाठी अनोळखी माणसाकडे खात्याचा तपशील मागणे संशयास्पद वाटते आणि परकीय चलनावरचे शुल्क मूळ रकमेच्या मानाने जड जाते. अनेक जण पाकिटात डॉलरची नोट घालतात. ती वाटेत चोरीला जाण्याची भीती असतेच, शिवाय साध्या पत्रातून नोटा पाठवण्यास संघटनेच्या नियमांची मनाई आहे. सरळ मार्ग बंद झाला की प्रामाणिक माणूसही अशा आडवाटेने जातो.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा, आणि त्यासाठी चार्ल्स पॉन्झीचे नाव घेतले जाते. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली चलने घसरली होती, कूपनांचे दर मात्र जुन्याच विनिमयावर बांधलेले होते. त्यामुळे इटलीत स्वस्तात घेतलेले कूपन अमेरिकेत जास्त किमतीच्या तिकिटांत बदलता येत होते. हा फरक दाखवून पॉन्झीने 1920 मध्ये बोस्टनच्या लोकांना 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचे आमिष दाखवले. पण त्याने गोळा केलेल्या पैशाला आधार म्हणून सुमारे 16 कोटी कूपने लागली असती, आणि चलनात होती सुमारे 27,000. तो जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशातून देत होता, कूपनांचा उपयोग फक्त सांगण्यापुरता होता. त्या प्रकरणातून घ्यायचा धडा एवढाच की कूपनांचे दर विनिमयाप्रमाणे वेळोवेळी बदलले पाहिजेत आणि त्यांना मुदत असली पाहिजे. आजच्या कूपनांवर मुदतीची तारीख छापलेली असते, त्यामुळे साठेबाजीला फारसा वाव राहत नाही.

उरतो खर्चाचा प्रश्न. कमी खपाच्या कागदी कूपनांची छपाई आणि हिशेब टपालखात्यांना जड जातो, हे खरे आहे. पण त्यासाठी सोयच मोडायचे कारण नाही, तिचे रूप बदलता येते. जर्मनीत ॲपवर टपालाचा कोड विकत घेऊन पाकिटावर पेनाने लिहिला की तिकीट चिकटवावे लागत नाही. हेच तत्त्व जागतिक टपाल संघटनेने सर्व सदस्य देशांसाठी स्वीकारावे: कोणत्याही देशात विकत घेतलेला उत्तराचा कोड कोणत्याही देशाच्या खिडकीवर चालावा, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना तोच कोड पोस्टात छापून मिळावा. छपाई आणि साठवणूक यांचा खर्च त्यातून वाचेल. विक्री मात्र बदलून देण्याइतकीच बंधनकारक हवी.

भारताने या मागणीत पुढाकार घ्यावा. आपली माणसे जगभर पसरली आहेत आणि खेडोपाडी पोचलेले आपल्या टपालखात्याचे जाळे जगात सर्वांत मोठे आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक मुख्य पोस्टात कूपन विकत मिळेल आणि बदलूनही मिळेल, याची हमी टपालखात्याने द्यावी आणि विक्री बंधनकारक करण्याचा ठराव संघटनेच्या अधिवेशनात मांडावा. तोवर परदेशातून उत्तर मागवणाऱ्या वाचकांनी तीन गोष्टी पाहाव्यात: उत्तराचे पत्र वजनाला किती भरेल, ते साध्या पत्राहून जड असल्यास ज्या देशातून टाकले जाईल तिथला चालू दर काय आणि कूपनाची मुदत संपलेली तर नाही ना. आणि आपल्या पोस्टात जाऊन कूपन आवर्जून मागावे, नसेल तर तशी लेखी मागणी नोंदवावी.