पांढरपेशांची सायकल

भिवंडींत दिवस उजाडतो तो मागांच्या खडखडाटांत. रात्रपाळी संपून दिवसपाळी सुरू होण्याच्या संधिकालीं जो कोणी रस्त्याच्या कडेला घटकाभर उभा राहील, त्याला यंत्रमागावरचे कामगार, दूधवाले, पाववाले, वर्तमानपत्रें टाकणारीं मुलें, गोदामांचे पहारेकरी अशा मंडळींच्या सायकली एकामागून एक जातांना दिसतील. कॅरिअरला जेवणाचा डबा बांधलेला, पाठीमागचा मडगार्ड खुळखुळत असलेला, आणि स्वाराची नजर पुढच्या खड्ड्यावर खिळलेली. या रांगेंत एखादा शिक्षक, वकील किंवा पेढीवरचा कारकून आढळलाच, तर तो अपवाद समजावा.

आम्हां पांढरपेशांच्या घरीं सायकल नसते असें नाहीं. ती असते, परंतु जिन्याखालीं, वारा गेलेल्या चाकांवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांना टेकून उभी असते. मुलाच्या मुंजींत ती घरांत येते, आणि मुलगा कॉलेजांत जाऊन त्याच्या हातीं पेट्रोलची गाडी आली कीं तिचा कार्यभाग संपतो. आजचें हें टिपण त्या जिन्याखालच्या सायकलीविषयीं आहे.

आमच्या पिढीच्या बालपणीं हें चित्र निराळें होतें. शाळेचे हेडमास्तर, पोस्टमन, तलाठी, भिक्षुकी करणारे गुरुजी, किंबहुना रोग्याच्या घरीं जाणारे डॉक्टरहि सायकलवरूनच जात. पुण्यास तर लोक सायकलींचें शहर म्हणूनच ओळखीत. ज्याला स्वतःची सायकल घेण्याची ऐपत नसे तो तासाच्या भाड्यानें दुकानांतून घेई. पुढें १९७२ सालीं लुना आली, मग स्कूटरी सुलभ झाल्या, आणि पाहतां पाहतां सायकल हें गरिबीचें चिन्ह ठरलें. पाय थकण्यापूर्वींच आम्हीं ती सोडली. शेजाऱ्याच्या दारांत स्कूटर उभी राहिली, एवढेंच निमित्त पुरेसें झालें. आजहि मी मंडईंतून भाजी घेऊन सायकलवर परत येऊं लागलों, कीं वाटेंत कोणी तरी काळजीच्या सुरांत विचारतोच, ‘‘काय मास्तर, गाडी बिघडली वाटतें?’’ सुस्थितींतील मनुष्य आपखुषीनें सायकलवर बसतो, ही गोष्ट आमच्या आळींत अद्यापि पटावयाची आहे.

वास्तविक या यंत्राइतकें बुद्धीला समाधान देणारें दुसरें वाहन नाहीं. त्याचा सध्यांचा आकार इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवीं जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ सालीं रूढ केला. तत्पूर्वींच्या सायकलीचें पुढचें चाक पुरुषाच्या छातीपर्यंत उंच असे, आणि तीवरून पडणें म्हणजे माडीवरून पडणें. स्टार्लेनें दोन्ही चाकें जवळ जवळ सारखीं केलीं व पायांची गति साखळीनें मागच्या चाकास पोंचविली. पुढें तीनच वर्षांनीं, १८८८ मध्यें, बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तिचाकी गाडीसाठीं हवा भरलेली रबरी धाव तयार केली. या दोन युक्त्यांनंतर मूळ आकृतींत बदल करण्याजोगें फारसें उरलें नाहीं.

साध्या काळ्या सायकलीचे दाते एकदां मुलांकडून मोजवून घ्यावे. पुढच्या चक्रास ४४ व मागच्यास १८ दाते असतील, तर पायांच्या एका फेऱ्यांत मागचें चाक जवळ जवळ अडीच वेळां फिरतें. आणि २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरांच्या आंतबाहेर असल्यामुळें एका फेऱ्यांत आपण सुमारे साडेपांच मीटर पुढें जातों. त्रैराशिक आणि वर्तुळाचा परीघ यांचा याहून चांगला धडा फळ्यावर शिकवितां येणार नाहीं. पायीं चालतांना जेवढे श्रम होतात, तेवढ्यांतच सपाट रस्त्यावर सायकल मनुष्याला सुमारे तिप्पट अंतर नेते. चालतांना प्रत्येक पावलास आपलें वजन आपणच उचलतों. येथें तें भार गादीवर सोपवून पाय केवळ गति देण्याचें काम करितात. म्हणूनच ज्यांचे गुडघे चालण्यास कुरकुरतात त्यांतील पुष्कळांस सायकल सोसते.

व्यायामाविषयीं आमच्या वैद्यकाचें मत येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत बलवान व स्निग्ध अन्न खाणाऱ्या मनुष्यासहि शीतकालीं व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करण्यास सांगितलें आहे, आणि इतर ऋतूंत त्याहूनहि कमी. ही अर्धी शक्ति ओळखावयाची कशी, तें सुश्रुतानें सांगितलें आहे: श्वास तोंडावाटें वाहूं लागला म्हणजे अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला, त्याचें धोरणहि याहून फार निराळें नाहीं. आठवड्याचे पांच दिवस जाऊन येऊन अर्धा तास सायकल चालविली कीं १५० मिनिटें भरलीं. त्यासाठीं व्यायामशाळेची वर्गणी भरावी लागत नाहीं, आणि वेळ काढावा लागत नाहीं. कारण तो वेळ कामावर जाण्यांत नाहीं तरी गेलाच असता. मात्र ज्यांस हृदयाचा विकार किंवा भोंवळीची खोड आहे त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून हा उद्योग आरंभूं नये.

सायकल हें नांव काढलें कीं अलीकडे लोकांस विक्रम आठवतात, आणि ते आठवण्यासारखे आहेतच. १९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परत आले. आमच्या शेजारच्या नाशिकचे डॉक्टर महेंद्र व डॉक्टर हितेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांनीं मिळून पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें विशीच्या उंबरठ्यावर असतां २०१८ सालीं सुमारे २९,००० किलोमीटरांचा जगप्रवास केला. या सर्वांस आदरपूर्वक नमस्कार असो. परंतु गवयाचें गाणें ऐकून घरोघरच्या मंडळींनीं भूपाळी म्हणण्याचें सोडावें, असें कोणी म्हणत नाहीं. आपली सायकल भूपाळीसारखी आहे; तिची गोडी नित्यांत आहे.

ती गोडी कशांत आहे तें सांगावयाचें तर लहानसहान गोष्टीच सांगाव्या लागतील. कामतघरच्या बाजूस सकाळीं वऱ्हाळा देवीच्या तलावाच्या कांठानें जातांना पाण्याचा गारवा अंगाला लागतो. मोटारींत बसलेल्यास तो कळत नाहीं. कोणत्या आळींत आज पापड वाळत आहेत, कोणाच्या घरीं मंगलकार्य आहे, कोठल्या पिंपळाला पालवी फुटली, हें सायकलवाल्यास आपोआप समजतें. ओळखीचा कोणी भेटला तर एक पाय जमिनीला टेकवून दोन शब्द बोलतां येतात. मार्गशीर्ष-पौषांत सुटीच्या दिवशीं पहाटे निघावें, नदीनाक्यावरून कामवारी ओलांडावी, आणि वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीवरून वज्रेश्वरी गांठावी. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांच्या नवसाची फेड म्हणून बांधलेलें तेथलें देऊळ पाहावें, अकलोलीच्या उन्हाळ्यांत पाय बुडवून बसावें, आणि ऊन चढण्यापूर्वीं परतावें. मात्र ही झाली मेजवानी. रोजचा वरणभात म्हणजे मंडई, वाचनालय, पोस्ट, देऊळ.

आक्षेप ठरलेले आहेत. घाम येतो, हा पहिला. तो येतो तो बहुधा घाईनें. पांच मिनिटें आधीं निघावें, आणि शेवटचें अर्धा किलोमीटर सावकाश जावें. चैत्र-वैशाखांत आठाच्या आंत कामें उरकावीं. पावसांत छत्री हातांत धरून सायकल चालविणें हा निव्वळ अविचार आहे. अंगांत पावसाळी कोट घालावा, आणि साचलेल्या पाण्यांतून जाऊं नये, कारण त्याखालीं उघडें गटार आहे कीं रस्ता हें दिसत नाहीं. साखळीवर झाकण असलें म्हणजे कपडे काळे होत नाहींत. गादी इतकी उंच असावी कीं पेडल खालीं गेल्यावर गुडघा किंचित् वांकलेला राहील. गादी फार खालीं ठेवल्यानेंच पुष्कळांचे गुडघे दुखतात व दोष वयावर जातो. आठवड्यास एकदां हवा आणि महिन्यास एकदां साखळीस तेल, इतकी सेवा तिला पुरते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. भिवंडीचे रस्ते सायकलला सुखाचे नाहींत. माणकोली, काल्हेर, राहनाळ या बाजूंस गोदामें झालीं, न्हावाशेव्याच्या बंदरांतून पेट्या घेऊन येणारे लांबलचक ट्रक येऊं लागले, आणि अंजूर फाट्यासारख्या ठिकाणीं सायकलवाल्यानें कोणत्या कडेनें जावें हें त्याला कोणी सांगूं शकत नाहीं. रात्रीं पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा लावावा, शिरस्त्राण घालावें, ट्रकच्या डाव्या अंगास कधींहि घुसूं नये, कारण वळतांना चालकास ती बाजू दिसत नाहीं. हे नियम मी स्वतः पाळतों आणि दुसऱ्यांस सांगतों. परंतु एवढ्यानें रस्ता सुधारत नाहीं.

येथें या विषयाचें मर्म येतें. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील शेंकडा ४४.८ कुटुंबांजवळ सायकल होती; मोटारसायकल किंवा स्कूटर शेंकडा २१ कुटुंबांजवळ, आणि मोटार ४.७ कुटुंबांजवळ. म्हणजे संख्याबळ सायकलच्या बाजूस होतें. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानेंहि वाहनांपेक्षां माणसांच्या प्रवासाचा विचार प्रथम करावा, असें स्पष्ट सांगितलें होतें. तरी रस्ता रुंद झाला तो मोटारीसाठीं. याचें कारण उघड आहे. ज्यांच्या हातीं लेखणी आहे, जे अर्ज लिहितात, सभेंत बोलतात, अधिकाऱ्यांच्या ओळखीचे असतात, त्यांनीं सायकल सोडली. आणि जे तीवर उरले त्यांना बारा तासांची पाळी भरल्यावर अर्ज लिहिण्याचें त्राण कोठून असणार?

हॉलंड देशांत पूर्वीं आपल्यासारखेंच झालें होतें. युद्धानंतर मोटारी वाढल्या, सायकली मागें पडल्या, आणि १९७१ या एका वर्षांत सुमारे ३,३०० माणसें रस्त्यांवर मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर आले, मुलांची हत्या थांबवा अशी हांक त्यांनीं दिली, आणि हळूहळू सरकारला सायकलींसाठीं निराळे मार्ग बांधावे लागले. पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१७ मध्यें सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला, त्याच्यामागेंहि चिकाटीनें बोलणारे सुशिक्षित नागरिक होते. आराखडा आणि रस्ता यांत अंतर असतें हें खरें. परंतु ज्या गांवांत बोलणाराच नाहीं तेथें आराखडाहि होत नाहीं.

यांत मुलींचा विचार विशेषेंकरून व्हावा. बिहार सरकारनें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींस सायकलीसाठीं पैसे देण्यास आरंभ केला. अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें त्याचा हिशेब पाहिला, तेव्हां त्या वयाच्या मुलींचें माध्यमिक शाळेंतील प्रमाण त्यामुळें शेंकडा ३२ नें वाढल्याचें आढळलें. आमच्या घरांतील मुलीस शाळेंत पोंचविण्यास व आणण्यास वडील किंवा रिक्षा असते, म्हणून तिची शाळा सुटत नाहीं. परंतु आपल्या पायांनीं कोठेंहि जाण्याचा आत्मविश्वास तिला कोण देणार? रस्ता धोक्याचा म्हणून तिला सायकल द्यावयाची नाहीं, आणि सायकलवर कोणी नाहीं म्हणून रस्ता सुधारावयाचा नाहीं. असें हें अन्योन्याश्रयाचें चक्र आहे. तें कोणी तरी भेदलें पाहिजे, आणि तें काम प्रथम वडील माणसांचें आहे.

म्हणून वाचकांस विनंति इतकीच. स्कूटर विकून टाका असें मी म्हणत नाहीं. जिन्याखालची सायकल बाहेर काढावी, दुरुस्तीच्या दुकानांत न्यावी, नवी ट्यूब व ब्रेकचे रबर घालून घ्यावें, आणि दिवसाचें एक काम, एकच, तीवरून करण्याचा नेम धरावा. वाटेंत जो खड्डा, जें उघडें गटार किंवा जो बंद दिवा आढळेल, त्याची तारीखवार नोंद ठेवावी, आणि महिनाअखेर चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन तो कागद महापालिकेंत द्यावा व पोंच घ्यावी. सकाळच्या त्या रांगेंतील कामगारांस असा कागद लिहितां आला नाहीं, तरी खड्डा बुजला म्हणजे त्याचा उपयोग आपल्याइतकाच त्यांनाहि होईल.