टोइंग गाडीच्या ब्रेकला कोण विचारणार? गंजलेल्या पाइपांचा प्रश्न फीवाढीने सुटणार नाही

बेळगाव : चोर्ला घाटात गाडी बंद पडली की पहिला फोन टोइंगवाल्याला जातो. जांबोटी, कणकुंबीच्या पलीकडे मोबाइलची रेंज मिळाली तर नशीब. तासा-दीड तासाने एक जुनी जीप नाहीतर मिलिटरीच्या लिलावातला ट्रक येतो. मागे क्रेन जोडलेली असते. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, भाडे ठरवतो आणि गाडी हुकाला लावतो. त्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारायला हवे. कारण घाट उतरताना दोन्ही गाड्यांचा भार त्या एकाच गाडीच्या ब्रेकवर असतो. आणि त्या ब्रेकचा सगळा जीव चेसिसच्या खालून जाणाऱ्या, करंगळीहूनही बारीक लोखंडी पाइपात असतो. साधारण पावणेपाच मिलिमीटर जाडीचा हा पाइप वीस-पंचवीस पावसाळे चिखलात काढतो. वरून गाडीला कितीही रंग मारला तरी त्याच्यापर्यंत ब्रश जात नाही.

जुन्या गाड्यांचा विषय सध्या चर्चेत आहे तो फीमुळे. 15 वर्षांवरील खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5 हजार झाली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांवरील हलक्या गाड्यांसाठी ती 10 हजार केली. हेतू उघड आहे. जुनी गाडी ठेवणे महाग पडावे आणि माणसाने ती स्क्रॅपला द्यावी. पण फी भरली म्हणजे पाइप नवा होत नाही. उलट दहा हजार भरून झाल्यावर गॅरेजच्या खर्चात हात आखडता घेतला जातो, हा आपल्याकडचा साधा हिशेब आहे.

पाइप फुटतो तो नेमका नको त्या वेळी

गंजलेल्या ब्रेक पाइपची अडचण अशी की तो रोजच्या कामात दगा देत नाही. गावात, सपाट रस्त्यावर आपण पेडल हलकेच दाबतो. तेवढा दाब झिजलेला पाइपही सोसतो. समोर अचानक बस आली, वळणावर म्हैस उभी दिसली की पाय पूर्ण ताकदीने पडतो. त्या क्षणी पाइपातल्या तेलाचा दाब कारच्या टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीसपट सहज जातो. गंजाने पातळ झालेली जागा तिथेच फुटते. म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो जातो.

नव्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात. एक गेली तरी दुसरी थोडीफार गाडी धरते. जुन्या विलिज धर्तीच्या जीपला एकच लाइन असते. एका चाकाजवळ पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि पेडल सरळ फळीला टेकते.

टोइंगच्या गाडीला यात आणखी दोन गोष्टी नडतात. पहिली, मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीचे इंजिन बंद असते. त्यामुळे तिच्या ब्रेकला बूस्टरची मदत नसते, तिचा ड्रायव्हर कितीही पाय दाबो. दुसरी, क्रेनने मागच्या बाजूला भार उचलला की ओढणाऱ्या गाडीचे तोंड हलके होते. ब्रेक लावताना सर्वांत जास्त काम पुढची चाके करतात, आणि त्यांचीच रस्त्यावरची पकड कमी झालेली असते. मग मागच्या चाकांवर येणारा ताण वाढतो. त्या चाकांकडे जाणारा पाइप सर्वांत लांब, चिखलाच्या सर्वांत जवळ आणि म्हणून बहुतेक वेळा सर्वांत जास्त गंजलेला असतो.

गंज कुठून येतो

आपल्या भागातल्या गाड्यांना तिन्ही बाजूंनी मार आहे. कणकुंबी, जांबोटीचा पाऊस जिल्ह्यातल्या सर्वांत जोरदार पावसांपैकी. घाट उतरून साखळी, म्हापसा, पणजीकडे गेले की खारी हवा. अनमोडवरून मोलेकडे उतरले तरी शेवटी तीच. पाइप चेसिसला जिथे क्लिपने धरलेला असतो तिथे ओली माती अडकून बसते आणि उन्हाळ्यापर्यंत वाळत नाही. बाहेरून चांगला दिसणारा पाइप क्लिपखाली खरवडला की पापुद्रे निघतात.

आतूनही गंज चढतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा 140 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडते. पाइप शाबूत असूनही ब्रेक जातो तो असा. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. आपल्याकडे ते कमी झाले की वरून ओततात, आणि कमी का झाले हे कोणी बघत नाही. बंद लाइनमधले ऑइल आपोआप संपत नसते. लायनर झिजल्याने पातळी हळूहळू थोडी खाली येते. वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे, असेच धरायचे.

तपासणीतली फट

आता नियमाकडे बघू. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी नोंदणीच्या गाडीची 15 वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. गोम इथे आहे. खासगी नंबरची जुनी जीप मागे हुक लावून टोइंगचे भाडे मारत असेल, तर सरकारी नजर तिच्यावर पाच वर्षांतून एकदा पडते. पाच वर्षे म्हणजे पाच पावसाळे. पाइप सडायला तेवढे पुरे.

मशीनवर होणारी तपासणीही त्या दिवशी चाके किती धरतात ते मोजते. ती गरजेची आहेच. पण पाइपाची भिंत किती उरली, हे रोलरला कळत नाही. त्यासाठी कोणीतरी खाली वाकून, बॅटरी मारून, तारेच्या ब्रशने घासून बघावे लागते.

विम्याचे कलमही वाचण्यासारखे आहे. आपल्याकडच्या प्रमाणित मोटार पॉलिसीत बंद पडलेली एक गाडी ओढायला परवानगी असते, पण ती मोबदला घेऊन ओढलेली नसावी, अशी अट असते. म्हणजे मित्राची गाडी ओढून आणली तर चालते, भाडे घेतले तर विमा कंपनीला हात वर करायला जागा मिळते. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे नुकसान या कलमात धरलेलेच नसते. भाडे ठरवताना आपण दोनशे रुपयांवर घासाघीस करतो आणि आपली आठ-दहा लाखांची गाडी विनासंरक्षण हुकाला लावतो.

आणि मालकाला मला माहीत नव्हते म्हणून सुटता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 190 सांगते की, साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवणे हा गुन्हा आहे. दंड 1500 रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पापुद्रे सुटलेला पाइप हा साध्या काळजीने दिसणाराच दोष आहे.

दुरुस्ती : जोडकाम नको, पूर्ण लाइन

यावर इलाज आहे आणि तो जुनी गाडी भंगारात घालण्याइतका महाग नाही. फक्त अर्धवट करून चालत नाही. जिथे गळते तेवढाच तुकडा कापून मध्ये जोड घालणे ही नेहमीची पद्धत. पण एका जागी फुटलेला पाइप शेजारीही तितकाच सडलेला असतो. आज इथे जोडला तर पुढच्या महिन्यात हातभर पुढे फुटतो. सांध्यापासून सांध्यापर्यंत सगळी लाइन बदलणे हाच शहाणपणा.

रबरी नळी घालून वर क्लॅम्प आवळणे हा तर खेळच झाला. साधी तांब्याची नळीही नको. ती वाकवायला सोपी, पण सततच्या थरथरीने कडक होऊन तडकते. ब्रेकसाठीची लोखंडी, वर लेप दिलेली नळी वापरावी. तांबे-निकेल मिश्रधातूची मिळाली तर आणखी चांगले, ती गंजत नाही. पाइपाचे तोंड दुहेरी दुमडून फुलवलेले हवे. एकेरी फुलवलेले तोंड दाबाखाली चिरते. सोबत रबरी होज आणि चाकांजवळचे सिलिंडर बघून घ्यावेत, नवे ऑइल भरून चारही चाकांची हवा काढावी. मग इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरावे. ते हळूहळू खाली गेले तर काम अजून बाकी आहे.

उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचे काम चालणाऱ्या या शहरात चांगला पाइप वाकवून, फुलवून देणारे हात कमी नाहीत. ते गॅरेजपर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच.

काय करता येईल

अपघात झाला की पोलिस ज्यांना बोलावतात त्या क्रेन आणि टोइंग गाड्या ठरलेल्याच असतात. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा या गाड्या खड्ड्यावर घेऊन खालून तपासाव्यात. लाइन कधी बदलली याची नोंद मालकाने गाडीत ठेवावी आणि ती नसलेल्या गाडीला बोलावू नये. गाडी कर्नाटकातली, अपघात गोव्याच्या हद्दीत, अशा वेळी ही नोंद दोन्हीकडच्या पोलिसांना उपयोगी पडेल. भाड्याने टोइंग करणारी गाडी व्यावसायिक नोंदणीचीच हवी, यावर आरटीओने आग्रह धरला तर पाच वर्षांची फट निम्मी बुजेल.

फीवाढीतून जमणाऱ्या पैशांतला काही भाग अशा तपासणीसाठी वळवला, तर जुनी गाडी वापरणाऱ्यालाही ती फी नुसता दंड वाटणार नाही.

तोपर्यंत घाटात अडकलेल्या माणसाच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत. टोइंग गाडी आली की तिच्या मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बघा. टायरवर किंवा ड्रमखाली तेलाचा ओघळ असेल तर ती गाडी परत पाठवा. ड्रायव्हरला विमा आणि नोंदणी दाखवायला सांगा, त्याला राग आला तर येऊ दे. उतार असेल तर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतर म्हणा. आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत बायका-मुलांना बसू देऊ नका. त्यांना मागून येणाऱ्या बसने पाठवा, उशीर झाला तरी चालेल.