परसबाग : माघातील आळे

वसंतपंचमी उलटली की वसंत आला असे आपण म्हणतो; परंतु नागपुरात हा ऋतू घाईच्या पाहुण्यासारखा येतो आणि पाय धुऊन होतात न होतात तोच निघून जातो. फाल्गुन सरता सरता ऊन तापते आणि पुढे पारा 45 अंशांपर्यंत चढण्याचे दिवस येतात. म्हणून माघातील काम हे वैशाखाची तरतूद होय, हे ध्यानी धरावे.

मोगऱ्याची छाटणी राहिली असल्यास लगेच उरकावी. भेंडी, काकडी, दोडके यांचे बी आताच टोचावे. गुलाबास मात्र मोठी कात्री लावू नये. तिचा काळ दसऱ्याच्या सुमाराचा.

आता संत्र्याविषयी. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. आंब्याच्या मोहोराबरोबर फुलतो तो आंबिया बहार, व त्याची फुले या दिवसांतली. फळ धरताना पाण्याची ओढ बसली तर ते गळते, हे सर्वांस ठाऊक असते. बुंध्याशी साचलेले पाणी झाडाचा जीव घेते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या परसातील पंधरा वर्षांचे झाड असेच गेले. घरात माणसे अकरा आणि प्रत्येकाची त्यावर माया. पूजेचे पाणी, भाजी धुतलेले पाणी, मुलांचे तांबे, सर्व बुंध्याशी. सालीतून डिंक पाझरू लागला, तेव्हा तो उन्हाचा ताप समजून मीच आणखी दोन घागरी वाढविल्या. पाने पिवळी पडली. पुढील वर्षी झाड वाळले. तो डिंक्या रोग होता. काळ्या भारी मातीत पाण्याचा निचरा मंद असतो. त्या ओलीत फायटोफ्थोरा नावाची बुरशी बळावून साल व मुळे कुजविते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतला सख्यांसह झाडांची आळी भरते. तेथे ‘आलवाल म्हणजे आळे’ एवढाच अर्थ मी वर्गात सांगत आलो. आळे कोठे असावे, हे त्या झाडाने शिकविले.

तेव्हा आळे दुहेरी करावे. आतील वरंबा बुंध्यापासून दीड फुटावर, बाहेरचा फांद्यांच्या टोकांखाली. पाणी या दोहोंच्या मध्येच सोडावे. बुंध्याशी मातीचा उंचवटा द्यावा, पण कलमाचा सांधा बुजू देऊ नये. सांध्याखालून फुटलेले पानसोट काढावेत. डिंक दिसल्यास कुजलेली साल धारदार चाकूने खरवडून बोर्डो मलम लावावे. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या पाण्यात भिजवून मग एकत्र करावा. एकूण पाणी 1 लिटर. भांडे मातीचे वा प्लास्टिकचे असावे, लोखंडी नको. गळलेला पाला जाळू नये. दोन वरंब्यांमध्ये चार बोटे जाड पसरावा, म्हणजे ओल टिकते.

पाणी देण्यापूर्वी खुरप्याने वीतभर माती उकरावी. मुठीत तिचा गोळा वळला तर त्या दिवशी पाणी नको. ही पारख घरातील एकाच माणसाकडे सोपवावी. सर्वांचे झाड असले की सर्वच पाणी घालतात, किंवा कोणीच घालीत नाही. आमच्याकडे हे काम धाकट्या नातीकडे आहे. देवघरातील तीर्थही हल्ली तिला विचारून बाहेरच्या वरंब्याशी पडते आणि नव्या कलमाला यंदा पहिली फुले आली आहेत.