आमच्या मुलांचे औषध तुमच्या फलकावरून काढा

प्रति,
माननीय प्रमुख,
व्यसनमुक्ती मोहीम



माझ्या अर्जांच्या पोचपावत्या आहेत, लेखी उत्तर तेवढे नाही. शाळाशाळांत टांगलेल्या तुमच्या फलकावर ‘घातक उत्तेजके’ या मथळ्याखाली कोकेन, एमडी (मेफेड्रोन) आणि मिथाइलफेनिडेट अजून एकाच रांगेत आहेत. एडीएचडी असलेल्या माझ्या मुलीला मनोविकारतज्ज्ञांनी दिलेले औषध ते हेच मिथाइलफेनिडेट.

ही तिन्ही नावे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहेत, असे तुमच्या कार्यालयाने तोंडी ऐकवले. अगदी खरे. मॉर्फिनही त्याच कायद्यात आहे. मग ते घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला गर्दुल्ला म्हणणार का?

कोकेन आणि ही गोळी मेंदूतले डोपामिन वाढवतात, इथवर आपला अभ्यास झालेला दिसतो. पुढचे मी सांगते. मुलांना साधी गोळी 5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. दिवसाची कमाल मर्यादा सहसा 60. पोटात घेतलेल्या गोळीचा मेंदूवरचा परिणाम शिखरावर जायला तास-दीड तास लागतो. शिरेतून टोचलेले कोकेन तेच काम 10 मिनिटांच्या आत करते. झिंग या वेगातून येते. गोळीने भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून डॉक्टर वजन, उंची, नाडी, रक्तदाब तपासत राहतात. एमडीच्या पुडीत काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अंमल उतरताच पुन्हा हवीशी वाटते. त्यात ताप भडकतो, झटके येतात, हृदय दगा देते.

गोळी निर्धोक आहे, असा माझा दावा नाही. परीक्षेसाठी मित्राकडून घेतलेली किंवा कुटून नाकाने ओढलेली हीच गोळी धोक्याची. फलकावर तेवढेच लिहा ना! या धोक्यामुळेच तर ती शेड्यूल एक्समध्ये आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षे जपायची, माल कुलपात. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभ आणि दिल्लीतून 1,700 किलोंहून अधिक एमडी पकडले. त्या मालाला कुणी चिठ्ठी मागितल्याचे ऐकिवात नाही.

तुमच्या फलकाने एमडीचे एक गिऱ्हाईक तरी घटले का, ते तुम्हीच सांगा. फलक वाचून आजी-आजोबांनी औषध बंद पाडलेली मुले मात्र मला माहीत आहेत.

मिथाइलफेनिडेटचे नाव खोडा आणि तसे प्रत्येक शाळेला लेखी कळवा. तोंडी उत्तर नको.

एक आई